एकेक फ्रेम चार्ली

माझी भाची पुण्यात ॲनिमेशन शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली ती लॅपटॉप आणि एक अर्धवट सबमिशन घेऊनच. दुपारी घरातले सगळे आडवे झाल्यावर डायनिंग टेबलावर बसून ती चॅप्लिनचा 'वन ए. एम.' बघत होती. बघत होती म्हणजे काय, तर कीबोर्डवरचं एकच बटण दाबत होती. टक्. चार्ली केसभर पुढे. टक्. आणखी केसभर. मग टक् टक् मागे. शेजारच्या कागदावर काड्यांची माणसं आणि प्रत्येकाच्या मानेपासून टाचेपर्यंत गेलेली एक वाकडी रेघ. मी चकल्यांचा डबा घेऊन तिच्या मागे उभी राहिले. बराच वेळ गेला तरी तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. चार्ली दारूच्या नशेत जिन्यावरून गडगडत खाली येत होता आणि ही पोरगी त्याला मधल्याच पायरीवर उलटा लटकवून त्याच्या कोपराचा कोन बघत होती. "अगं, हसू येत नाही का तुला?" मी विचारलं. "सबमिशन झाल्यावर येईल," ती म्हणाली. आणि मग मान वर न करता, "मावशी, हा चालतच नाहीये बघ. प्रत्येक पावलाला हा पडतोय आणि प्रत्येक पावलाला वाचतोय."

मला तिचा थोडा राग आला. आणि तिचं वाक्य मात्र फार आवडलं.

रागाचं कारण असं की चॅप्लिन माझ्यासाठी अभ्यासाचा विषय कधीच नव्हता. आमच्या गल्लीत गणपतीच्या दहा दिवसांत एखाद्या रात्री सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर यायचा. दोन खांबांना पडदा बांधलेला, खाली ओल्या जमिनीवर गोणपाटं, दिव्याच्या उष्णतेने भाजलेल्या धुळीचा वास, आणि प्रकाशाच्या झोतात घिरट्या घालणारे पावसाळी किडे. पुढची जागा थोरल्या मुलांनी पटकावलेली असायची, म्हणून आम्ही बारकी पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचो. तिथून चार्ली उलटा दिसे, काठी भलत्याच हातात आणि पाट्यांवरची अक्षरं आरशातली. त्याने आमचं काहीच अडलं नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच क्षणी हशा फुटायचा. एकदा फिल्म गेटमध्ये अडकली. चार्ली एक पाय हवेत धरून उभा राहिला, मग त्याच्या पोटावर एक तपकिरी फोड आला, पसरला, आणि सगळा पडदा पांढरा झाला. मोठी माणसं ओरडली. मला मात्र त्या अडकलेल्या क्षणी पहिल्यांदाच दिसलं होतं की त्याचा जमिनीवरचा पाय चांगलाच तिरका आहे, इतक्या तिरक्या पायावर माणूस उभा राहूच शकत नाही. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच कळलं नव्हतं.

भाची परत गेल्यावर मी या विषयाच्या मागे लागले. तिच्यासारखं बटण दाबत बसणारे पहिले लोक कोण, हे मला हवं होतं. त्या शोधात भेटला ओटो मेसमर, न्यू जर्सीचा एक शांत, भिडस्त चित्रकार. १९१६च्या आसपास तो पॅट सुलिव्हनच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत काम करत होता आणि तिथे चॅप्लिनची कार्टून काढायचं काम आलं. चॅप्लिनला ही कल्पना आवडली. त्याने निरनिराळ्या पवित्र्यांतले आपले फोटो पाठवून दिले. मेसमर ते फोटो आणि चॅप्लिनचे चित्रपट घेऊन बसला. खांदा कधी उडतो, टोपी कधी उचलली जाते, कोपऱ्यावर वळताना एका पायावर घसरत दुसरा पाय कसा हवेत राहतो, हे सगळं तो हाताने काढून काढून शिकला. मग १९१९ साली त्याच्या हातून एक काळं मांजर निघालं, तेच पुढे फेलिक्स म्हणून जगभर गाजलं. हात पाठीमागे, मान खाली, विचारात पडून येरझारा घालणारा फेलिक्स. चॅप्लिनची काठी त्याच्याकडे नव्हती. त्याला शेपूट होतं. ते तो काढून हातात घ्यायचा, त्याचं प्रश्नचिन्ह करायचा, हत्यार करायचा. माझ्या मते मेसमरच्या अभ्यासाचा खरा निकाल या शेपटात आहे. चॅप्लिनसारखं चालणारं मांजर कुणीही काढलं असतं. चॅप्लिन वस्तूकडे कसा बघतो, हे मेसमरला कळलं होतं. काठी म्हणजे हाताचंच लांबवलेलं बोट, हे एकदा कळल्यावर मांजराच्या शेपटापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार?

त्याच शहरात, त्याच सुमारास, दुसरा एक माणूस अगदी वेगळ्या वाटेने निघाला होता. मॅक्स फ्लायशरने भावाला, डेव्हला, विदूषकाचा झगा घालून घराच्या गच्चीवर उड्या मारायला लावल्या आणि त्याचं चित्रण केलं. डेव्हने कोनी आयलंडच्या करमणूक-बागेत विदूषकाचं काम केलेलं होतं, त्यामुळे उड्या काही परक्या नव्हत्या. मग ती फिल्म एकेक फ्रेम दुधी काचेवर खालून पाडायची आणि वर कागद ठेवून गिरवायची. या यंत्राचं पेटंट त्याला १९१७ साली मिळालं, त्याला रोटोस्कोप म्हणतात. त्यातून कोको नावाचा विदूषक जन्मला. त्या काळच्या प्रेक्षकांना कोकोची चाल बघून धक्काच बसला असणार, कारण तोपर्यंतची कार्टूनमधली माणसं टाचणीवर फिरणाऱ्या कागदी बाहुल्यांसारखी हलत. कोको वाऱ्यासारखा वाहतो. पण सलग बघत बसलं की मला त्याचा थोडा कंटाळा येतो. गिरवलेल्या हालचालीत एक निसरडेपणा असतो. सगळंच सारख्याच निगुतीने चाललेलं, कशावर जोर नाही, कुठे श्वास नाही.

हीच गोष्ट पुढे डिस्नेच्या लोकांना फार महागात पडून कळली. तिथे गिरवणं कागदावर होतं. नटांचं चित्रण करायचं, मग त्या फिल्मची एकेक फ्रेम ड्रॉइंगच्या कागदाएवढ्या फोटोकागदावर छापून घ्यायची आणि त्या गठ्ठ्याला पेग बारवर, म्हणजे टेबलावर कागद जागच्या जागी धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर, बसतील अशी भोकं पाडायची. मग तो गठ्ठा बोटांत धरून फडफडवला की टेबलावरच माणूस हलायला लागे. फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन जुन्या ॲनिमेटरांनी १९८१ साली लिहिलेल्या जाडजूड पुस्तकात याची हकीकत आहे. हे गठ्ठे बघताना त्यांना पुनःपुन्हा असं काही दिसे की जे आपणहून काढायचं कुणाच्याही डोक्यात आलं नसतं. पाठीचा एखादा अनपेक्षित बाक, किंवा हाताच्या आधी निघून गेलेला खांदा. आणि तरीही जशाच्या तशा गिरवलेल्या चित्रांची पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या रेखाटनांचीच काढलेली चाचणी-फिल्म, पडद्यावर टाकली की ती ताठर, बेजान दिसे. फोटोत जिवंत असलेला माणूस रेघेत आला की मरायचा. असं का होतं, यावर त्या पुस्तकात बरंच आहे. मला त्यातलं पटलं ते असं, की कॅमेरा सगळंच टिपतो, महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं. रेघेला मात्र सगळं पेलत नाही. तिला निवडावं लागतं.

मग निवडायचं काय? इथे डॉन ग्रॅहम नावाचा मास्तर येतो. लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड कलाशाळेत शिकवणाऱ्या या माणसाला वॉल्ट डिस्नेने १९३२च्या नोव्हेंबरमध्ये हायपेरियन ॲव्हेन्यूवरच्या स्टुडिओतच संध्याकाळचे वर्ग घ्यायला बोलावलं. त्याआधी डिस्ने आपल्या पोरांना शुइनार्डमध्ये धाडत असे, स्वतः गाडीत घालून नेऊन सोडत असे. सुरुवातीला नग्न मॉडेलवरून रेखाटन, मग हळूहळू हालचालीचं विश्लेषण. अंधाऱ्या खोलीत फिल्म लावायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा लावायची. त्या वर्गांत आणि त्या स्टुडिओत पडद्यावर चॅप्लिन होता, मूकपटांतला दुसरा मोठा विनोदवीर बस्टर कीटन होता, लॉरेल-हार्डी ही जोडी होती. दिवसभर उंदीर आणि बदकं काढून दमलेली पंचविशीतली पोरं संध्याकाळी एका भटक्याचं धावणं वीस-वीस वेळा बघतायत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं आणि मग भाचीवरचा राग जरा निवळतो. २३ डिसेंबर १९३५ला, म्हणजे नाताळच्या तोंडावर, डिस्नेने ग्रॅहमला एक लांबलचक टिपण पाठवलं. पोरांना काय काय शिकवायला हवं, त्याची जंत्री. त्यात त्याने स्पष्ट म्हटलं आहे की घडतं तसंच्या तसं दाखवणं हे कार्टूनचं पहिलं काम नव्हे, आयुष्याचं आणि हालचालीचं अर्कचित्र काढणं हे आहे. हा माणूस स्वतः लहानपणी कॅन्सस सिटीत चॅप्लिनची नक्कल करून बक्षिसं मिळवत असे. मिकी माऊस घडवताना आपल्या मनात चॅप्लिनचीच ती केविलवाणी धडपड होती, हेही त्याने पुढे सांगितलेलं आहे. वयाच्या तिशीत तो आपल्या नोकरांना जे शिकायला लावत होता, ते तो तेराव्या-चौदाव्या वर्षी नकली मिशी लावून अंगाने करून बसला होता.

पण विनोदी नटच का? रस्त्यावरून चालणारी माणसं काय कमी होती?

हा प्रश्न मला काही दिवस पुरला. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभी राहून मी मुद्दाम माणसांच्या चाली बघितल्या. सांगते, काही हाती लागत नाही. सगळे नुसतेच पुढे सरकत असतात. खांद्यावरची बॅग, हातातला फोन, अर्धी झोप, यांतून शरीर काय म्हणतंय ते ऐकूच येत नाही. आमच्या चाळीत एक काका होते, ते नकला करायचे. पोस्टमन, दूधवाला, भाडं मागायला येणारे मालक. पोस्टमनची नक्कल म्हणजे फक्त उजवा खांदा किंचित खाली आणि चालता चालता मागे वळून बघणं, बस. बाकी सगळे काकाच, तेच धोतर, तेच पोट. आणि सगळी चाळ ओरडायची, "पोस्टमन! पोस्टमन!" खुद्द पोस्टमन दारात आला की तो पोस्टमनसारखा दिसायचा नाही, काकांची नक्कल जास्त खरी वाटायची. काकांनी त्या माणसातलं नको ते सगळं गाळून टाकलेलं होतं. मूकपटातला विनोदी नट हेच करतो. त्याला आवाज नाही, शब्द नाहीत, फार तर मधूनमधून एखादी पाटी. शेवटच्या बाकावरच्या माणसाला कळलं पाहिजे की याला भूक लागली आहे, याला ती मुलगी आवडली आहे, आणि याला पोलीस दिसला आहे पण दिसला नाही असं तो दाखवतो आहे. नटाला भावना नीट कळली असेल तर ती नुसत्या काळ्या सावलीतूनही दाखवता येते, असं चॅप्लिनचं म्हणणं होतं. ॲनिमेटरांनी हे वाक्य जणू भिंतीवर लिहून ठेवलं. आजही पोझ बरोबर आहे का ते बघायला ती आतून काळी भरून बघतात. भाचीही बघते.

म्हणून मला वाटतं, त्या अंधाऱ्या खोलीत ती पोरं खऱ्या हालचालीचा अभ्यास करतच नव्हती. त्यांच्या पुढ्यात होतं ते आधीच निवडलेलं, चाळलेलं, अर्धंमुर्धं कार्टूनच. शब्दशः सुद्धा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. चॅप्लिनचा कॅमेरामन रॉली टॉथरो दांडा जरा सावकाश फिरवायचा आणि थिएटरात तीच फिल्म भरभर चालायची. याचा अर्थ खऱ्या हालचालीतले कितीतरी मधले क्षण टिपलेच जायचे नाहीत. दोन मुख्य पोझच्या मधली चित्रं, ज्यांना ॲनिमेटर इनबिटवीन म्हणतात, ती आधीच गळलेली. एका टोकाच्या पोझमधून माणूस दुसऱ्या टोकाच्या पोझमध्ये झटकन जातो आणि त्यात जो चटपटीतपणा येतो, तोच पुढे मिकीत आला, डोनाल्डमध्ये आला. आवाज आल्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम ठरल्या आणि ॲनिमेटर त्यातही एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं काढून काम भागवू लागले. कॅमेऱ्याच्या दांड्याने आधी जे आपोआप केलं होतं, तेच आता पेन्सिलने हिशेबाने करायचं होतं.

आणि निवड काही एका दिवसात होत नव्हती. चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी १९१६-१७ मध्ये जे बारा छोटे चित्रपट केले, त्यांचे वापरात न आलेले तुकडे नष्ट करायचे, असा त्याचा हुकूम होता. ते वाचले. केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ मध्ये त्यांतून तीन भागांचा एक माहितीपट केला. तो बघताना माझी झोप उडाली. हा माणूस तालीम कॅमेऱ्यापुढेच करतो. तीच पायरी, तीच अडखळ, पुन्हा, पुन्हा, दरवेळी चिमूटभर फरक. चिडलेला दिसतो, थकलेला दिसतो, पुन्हा उभा राहतो. बग्ज बनीला रूप देणाऱ्यांपैकी एक, चक जोन्स, लहानपणी चॅप्लिनच्या स्टुडिओजवळच राहायचा. कुंपणावरून चित्रीकरण बघायचा. एके दिवशी त्याचे वडील घरी येऊन म्हणाले की चॅप्लिनने आज एकच प्रसंग शंभराहून जास्त वेळा केला, मी बघत होतो. ही गोष्ट जोन्स म्हातारपणापर्यंत सांगत राहिला. घरातल्या एखाद्या तीर्थयात्रेची हकीकत सांगावी तशी.

भाचीसारखं बटण मी पण दाबून बघितलं. 'द पॉनशॉप', १९१६. गहाणवटीचं दुकान. एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ घेऊन येतं आणि चार्ली ते तपासतो. आधी डॉक्टरसारखा छातीला स्टेथोस्कोप, मग बोटांनी टकटक, मग डबा उघडायच्या हत्याराने पाठ कापून काढणं, वास घेणं, टेलिफोनचा पुढचा भाग काढून त्याचं भिंग करून डोळ्याला लावणं, आणि शेवटी आतली सगळी आतडी टेबलावर. तो प्रसंग मी कितीदा बघितलाय आणि कितीदा हसलेय. फ्रेम-फ्रेम करत गेले आणि पहिल्यांदाच माझं लक्ष गिऱ्हाइकाकडे गेलं. अल्बर्ट ऑस्टिन त्या नटाचं नाव. तो जवळजवळ काहीच करत नाही. मिशी, उतरलेला चेहरा, घड्याळावर खिळलेली नजर. चार्लीचे हात माशीसारखे फिरतायत, आणि त्यांच्या शेजारी हा माणूस खांबासारखा उभा. तो हलला असता तर चार्ली फुकट गेला असता. मी हे भाचीला फोन करून सांगितलं, मोठा शोध लावल्याच्या थाटात. ती म्हणाली, "हो, तो होल्ड आहे, म्हणजे एकच पोझ धरून ठेवलेली. पण पूर्ण होल्ड नाही हं, मावशी, पापणी बघ. पूर्ण थांबवला तर मेल्यासारखा दिसतो." म्हणजे तिचं ऑस्टिनला आधीच मोजून झालेलं होतं. आणि हो, मला हसू आलं. उशिरा आलं, भलत्याच फ्रेमवर आलं, चार्ली मान हलवून सगळा भंगार ऐवज त्या बिचाऱ्याच्या टोपीत परत भरतो तिथे, पण आलं.

थांबण्याचं हे शहाणपण कार्टूनमध्ये यायला वेळ लागला. सुरुवातीची कार्टून सतत हलतात, लहान मुलाच्या चुळबुळीसारखी. १९३४च्या 'प्लेफुल प्लूटो'त डिस्नेच्या नॉर्म फर्ग्युसन या ॲनिमेटरने एक प्रसंग काढला. प्लूटो, म्हणजे मिकीचा कुत्रा, माशा पकडायच्या चिकट कागदावर बसतो. कागद ढुंगणावरून निघतो तर पायाला चिकटतो, पायावरून निघतो तर नाकाला. गोष्ट एवढीच. पण दर वेळी प्लूटो थांबतो. विचार करतो. आपल्याकडे बघतो. मग नवीन युक्ती, आणि नवी फजिती. फर्ग्युसनला शाळेतलं रेखाटन फारसं येत नव्हतं, त्याला यायचं ते रंगमंचावरचं टायमिंग. ऑलिव्हर हार्डी भिजल्यावर, पडल्यावर, लॉरेलने घोळ घातल्यावर प्रेक्षकांकडे ज्या सोशिक नजरेने बघतो, त्या नजरेचा कुत्र्यातला अवतार बघायचा असेल तर तो इथे बघावा. बस्टर कीटन याच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा चेहरा कायमच थांबलेला, सगळी भाषा उरलेल्या शरीरात. कॅमेरा तो बहुतेक लांब ठेवतो, डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस फ्रेममध्ये. पडताना मात्र त्याचं अंग एका सरळ रेषेत पडतं, झाड तोडल्यासारखं. एक गंमत सांगते. कीटनच्या या पडण्याची मला नेहमी थोडी भीती वाटते, चॅप्लिनच्या पडण्याची वाटत नाही. चॅप्लिनची बोटं पडतानाही नाचत असतात. कीटन खरोखर पडतो.

गिरवण्याबद्दल मी वर वाईट बोलले, पण एक अपवाद मला फार आवडतो. फ्लायशर स्टुडिओने १९३२च्या 'मिनी द मूचर'मध्ये कॅब कॅलोवे या गायक-बँडमास्तरचा नाच गिरवून घेतला. सुरुवातीला तो खराखुरा आपल्या बँडपुढे लचकताना दिसतो आणि पुढे तोच नाच गुहेतला एक भुताटकीचा वॉलरस करतो. इथे रेघ मरत नाही. मला वाटतं, वॉलरसला माणसाचे पाय नाहीत, खांदे नाहीत, म्हणून गिरवणाऱ्याला पावलोपावली ठरवावं लागलं की यातलं काय घ्यायचं. आणि गिरवायला घेतला होता तो माणूसही रस्त्यावरचा नव्हता. वर्षानुवर्षं रंगमंचावर घासून पुसून तयार झालेला नाचणारा होता.

ही सगळी विद्या आपल्याकडे कशी आली, त्याचा धागा मुंबईत सापडतो. १९५६ साली क्लेअर वीक्स हा डिस्नेचा ॲनिमेटर पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेत आला. मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेला, 'स्नो व्हाइट' आणि 'बॅम्बी'वर काम केलेला. त्याने इथल्या तरुण चित्रकारांना हाताशी धरून शिकवलं. राम मोहन त्यांतलेच एक. १९५७ला त्या मंडळींनी जातककथेवर 'द बनियन डिअर' केला. हायपेरियनच्या अंधाऱ्या खोलीत चार्लीला थांबवून थांबवून जे शिकलं गेलं, ते पेडर रोडवर एका वडाच्या झाडाखालच्या हरणांच्या पायात उतरलं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. थोडी होईल.

मला खटकतं ते वेगळंच. ज्यांच्या अंगावरून हे सगळं शिकलं गेलं त्यांना काय मिळालं? चॅप्लिनला काही कमी नव्हतं. १९२३च्या 'फेलिक्स इन हॉलिवूड'मध्ये मेसमरने फेलिक्सला शेपटाची काठी करून चॅप्लिनची नक्कल करायला लावली आहे, आणि तेवढ्यात कार्टूनमधला चॅप्लिन येऊन माझा माल चोरतोस काय म्हणून त्याच्या अंगावर धावतो. कबुली म्हणावी तर ही इतकीच, आणि तीही विनोदात. त्यातही त्या काळी पडद्यावर नाव झळकायचं ते सुलिव्हनचं. मेसमरचं नाव जगाला कळायला १९७०चं दशक यावं लागलं. चोरी करणाराच असा चोरीला गेलेला.

आणि मग एडी कॉलिन्स. 'स्नो व्हाइट'चं काम चालू असताना सात बुटक्यांपैकी शेवटचा, डोपी, कुणालाच सापडत नव्हता. तो बोलत नाही. नुसता वेडगळ काढला तर कीव येते, हुशार काढला तर डोपी राहत नाही. मग बर्लेस्कच्या, म्हणजे थट्टामस्करी आणि नाचगाण्याच्या, रंगमंचावरचा हा विनोदी नट बोलावला गेला, गोल चेहऱ्याचा, पन्नाशी ओलांडलेला. त्याला कॅमेऱ्यापुढे उभं करून वेगवेगळे प्रसंग करायला सांगितले आणि ॲनिमेटरांनी ती फिल्म पुनःपुन्हा बघितली. डोपीचं सगळं काही त्याच्यातून आलं असं नाही. चालताना मध्येच टाकलेली एक उडती अर्धी पावली फ्रँक टॉमसने एका दृश्यात आपली आपणच घातली, ती डिस्नेला इतकी आवडली की डोपी जिथे चालेल तिथे ती हवीच, असा आदेश निघाला, आणि बाकीचे ॲनिमेटर टॉमसच्या नावाने बोटं मोडत ती काढत बसले. पण त्या चेहऱ्यातली निरागस गडबड कॉलिन्सची. २१ डिसेंबर १९३७ला चित्रपट झळकला. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. तशी ती रीतच नव्हती, आवाज देणाऱ्यांचीही नावं नाहीत.

१९४०च्या सप्टेंबरमध्ये तो गेला. त्याच वर्षी आलेल्या 'द ब्लू बर्ड' या चित्रपटात त्याचं एक काम आहे. नायिका शर्ली टेंपल, आणि हा तिचा कुत्रा, टायलो. परीच्या जादूने माणूस झालेला कुत्रा. म्हणजे ज्याच्या अंगावरून कागदावर एक बुटका तयार झाला, तो आता हाडामांसाच्या अंगाने कुत्रा होऊन, माणसाचं सोंग घेऊन, दोन पायांवर चालत होता. मी तो चित्रपट लावला तेव्हा शर्ली टेंपलच्या वाट्याला माझी नजर फारशी आलीच नाही. टायलो दिसला रे दिसला की माझं बोट आपोआप बटणावर जायचं. टक्. टक्. घरातले वैतागले. नवरा म्हणाला, "एक तर बघ, नाहीतर बंद कर." पण मला त्या कुत्र्यात डोपी शोधायचा होता.